पारूबाईंना बाधलेलं ऊन

१

माझ्या बायकोला चोर पकडायची हौस नाही, चूक पकडायची आहे. लग्नाला चाळीसेक वर्षं झाल्यामुळे पकडलेल्या चुकांत माझ्याच सर्वांत जास्त, हे ओघानं आलंच. अनसूयेनं वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जन्मभर लोकांचं रक्त तपासलं आणि निवृत्त झाल्यापासून ती माझं पिते, असं मी पाहुण्यांना सांगतो. ती ऐकून न ऐकल्यासारखं करते.

मे महिन्यातल्या एका सकाळी तिच्या भाच्याचा, डॉक्टर देवेशचा फोन आला. देवेश आमच्याच शहरात एका धर्मादाय रुग्णालयात कर्करोगाचा विभाग बघतो.

"आत्या, जरा ये. माझी एक पेशंट मरता मरता वाचलीय. आणि हे माझ्याच माणसानं केलंय असं दिसतंय."

मी निमूट स्कूटर काढली. सकाळचे नऊ वाजले होते, पण क्रांती चौकात दुपार झाली होती.

देवेशच्या खोलीत पंखा गरम हवा इकडची तिकडं करत होता. त्याचं तोंड रात्रभर न झोपलेल्या माणसाचं होतं. त्यानं हकीकत सांगितली ती अशी. कन्नड तालुक्यातल्या पिशोरच्या पारूबाई. वय साठीच्या पुढे. मानेत, काखेत गाठी आल्या. लिम्फोमा निघाला, म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग. किमोचे सहा डोस ठरले, चार झाले. गाठी विरघळल्या, बाई हसायला लागल्या. आणि मग एकदम तहान तहान करायला लागल्या, उलट्या, असंबद्ध बडबड. सगळ्यांना वाटलं, ऊन लागलं. परवा त्या शुद्धीवरच येईनात.

"रक्तात कॅल्शियम भयंकर वाढलं होतं," देवेश म्हणाला. "या आजारातही कॅल्शियम वाढतं, म्हटलं गाठी परत उलटल्या. पण गाठ कुठं नाहीच. मग व्हिटॅमिन डी तपासलं."

त्यानं कागद पुढं केला. अनसूयेनं चष्मा वर केला, खाली केला.

"यंत्र बिघडलंय तुमचं."

"दोनदा तपासलं, आत्या. हा आकडा खरा आहे."

व्हिटॅमिन डी म्हणजे अंगावर ऊन पडलं की शरीर जे तयार करतं ते, एवढं मलाही माहीत होतं. देवेशनं पुढचं सांगितलं. लिम्फोमाच्या ज्या रुग्णांत ते कमी असतं, त्यांच्या आजाराचा शेवट बरेचदा वाईट होतो असं काही ठिकाणी दिसलेलं आहे. मग बाहेरून देऊन ते भरून काढलं तर उपचार जास्त लागू पडतो का? हे खात्रीनं कुणालाच ठाऊक नाही, म्हणून देवेशनं इथं अभ्यास चालवला होता. ज्यांचं कमी, त्यांना आठवड्याला एक पुडी, दुधातून.

"शेतात राबणारी बाई, आणि उन्हाचंच व्हिटॅमिन कमी?" मी विचारलं.

"काका, डोक्यावर पदर, अंगभर लुगडं, आणि गेलं वर्षभर आजारपणात घरात. सगळ्यांचं कमीच निघतं."

"थोडं जास्त गेलं तर एवढं होत नाही," अनसूया म्हणाली. "हे खूप गेलंय. कोण देतं पुड्या?"

देवेशनं दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मेघा. अभ्यासाची सगळी कामं तिच्याकडं. कपाटाची किल्ली तिच्याकडं. त्या कपाटात मोठ्या ताकदीची इंजेक्शनंही असतात, ज्यांना पोटातून औषध लागू पडत नाही त्यांच्यासाठी. त्यातलं एक कमी भरलंय." त्यानं रक्ताचा कागद घडी घालून ठेवला. "परवा चौकशी समिती बसतेय. तोवर दुसरं काही कळलं नाही, तर मेघाला काढावं लागेल. आणि असा ठपका घेऊन गेलेल्या नर्सला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही, हे तुला मी सांगायला नको."

२

मेघा तिशीची असेल. कन्नडकडचीच मुलगी. डोळे सुजलेले, पण गणवेश कडक इस्तरीचा. अनसूयेची तपासाची पद्धत अशी, की जे विचारायचं ते सोडून ती बाकी सगळं विचारते. तिनं मेघाला जेवलीस का, रिक्षाला किती वेळ लागतो, असलं विचारून खुर्चीत बसवलं आणि मग म्हणाली, "पुडी दाखव बघू एक."

मेघानं पुडी आणली. कडेला बारीक खाच होती. तिनं चिमटीत धरून जराशी ओढली तशी ती सरळ फाटली. आत गोडसर वासाचा पांढरा भुगा.

"गावाकडच्या माणसांच्या लक्षात राहतं का, आठवड्यातून एकदाच घ्यायची ते?"

मेघाच्या चेहऱ्यावर त्या सकाळी पहिल्यांदा थोडी तरतरी आली. "त्याची मी युक्ती काढलीय, मॅडम. तारीख सांगितली तर विसरतात, वार सांगितला तर घोळ घालतात. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, बाजाराच्या दिवशी पुडी. आठवडी बाजार कुणी विसरत नाही. माझा एकही पेशंट चुकलेला नाही."

"पारूबाईही?"

"त्यांचा मोठा मुलगा देतो, कडुबा. पुड्या महिन्याच्या महिन्याला मी मोजून देते. काल त्यांचा डबा उघडून बघितला. जेवढ्या उरायला हव्यात तेवढ्याच आहेत."

"आणि ते इंजेक्शन?"

मेघानं मान खाली घातली. "हातातून पडून फुटलं, मॅडम. या महिन्याच्या सुरुवातीला. त्याच वेळी वॉर्डात एकाला फिट आली, मी धावले. नोंद करायची राहून गेली. आता कोण खरं मानणार?"

अनसूया म्हणाली, "मी अजून काहीच मानलेलं नाही. खोटंही नाही." हे तिच्या तोंडून निघालेलं बरंच गोड वाक्य आहे, पण ते त्या मुलीला कसं कळणार.

आम्ही पारूबाईंना बघायला गेलो. हाताला सलाइन, ओठांना भेगा. हाडकुळी, काळीसावळी बाई, कपाळावर गोंदण. त्या डोळे उघडायच्या, मिटायच्या. अनसूयेनं त्यांच्या डोक्यावरचा रुमाल सारखा केला, तशा त्या पुटपुटल्या.

"आज... कुणाचा बाजार हाय?"

मेघा हळूच म्हणाली, "दोन दिवस हेच चाललंय. पुडीची आठवण राहिलीय बिचारीला."

अनसूयेनं चष्मा काढून पदरानं पुसला, आणि तो स्वच्छच होता.

३

प्रत्येक किमोच्या आधी रुग्णांचं थोडं रक्त काढून गोठवून ठेवलेलं होतं. अभ्यास संपला की सगळं एकदम तपासायचं होतं. अनसूयेनं पारूबाईंच्या चारही नळ्या आत्ताच तपासायला लावल्या. संध्याकाळी आकडे आले.

"बघ," तिनं देवेशला दाखवलं. "पहिल्या वेळी अगदी कमी. दुसऱ्या वेळी पुरेसं. तिसऱ्या वेळी नको तितकं. चौथ्या वेळी त्याहून वर. जिना चढावा तसं. इंजेक्शननं एकदम उडी बसली असती. आणि चौथं रक्त एप्रिलमधलं आहे. इंजेक्शन फुटलं मे महिन्यात. म्हणजे पोरगी खरं बोलतेय."

मला बरं वाटलं. देवेशला वाटलं नाही. त्यानं कपाळ चोळलं.

"आत्या, तू तिला वाचवायला गेलीस आणि अजून अडकवलंस. म्हणजे कुणीतरी एकदा चुकून दिलं नाही. महिनोन् महिने देतंय. पारूबाई किमोच्या मध्ये गावी जात नाहीत, आमच्याच रुग्णनिवासात राहतात. घरची माणसं आठवड्यातून कधीतरी येतात. रोज त्यांच्याजवळ जाणारी आणि पुड्यांचं आख्खं खोकं हाताशी असणारी एकच आहे."

दारात मेघा उभी होती. तिनं ऐकलं होतं. ती परत फिरली, आणि व्हरांड्यातून औषधांची ट्रॉली ढकलत जाताना मी तिला पाहिलं. मला देवेशचा राग आला. त्याला कानाला धरून शिकवलेला मी माणूस, म्हणून आणखीनच आला.

४

दुसऱ्या दिवशी पारूबाईंची मुलं एकेक करून आली. एकेक करूनच आली, हे महत्त्वाचं. कडुबा आल्यावर धाकटा संघपाल बाहेर लिंबाखाली जाऊन उभा राहिला, आणि दोघं दिसल्यावर करुणा जिन्यातच बसली. आईला लिम्फोमा झाल्याचं कळलं तेव्हा तिघांनीही हट्ट धरला, माय माझ्याकडं राहील. हट्टाची भांडणं झाली, भांडणाचा अबोला झाला. पारूबाईंनी कुणाकडंच न राहता रुग्णनिवासातली खाट धरली, म्हणजे कुणी म्हणायला नको की मायनं त्याला निवडलं.

कडुबा पिशोरला घरची थोडी शेती करतो. रुंद खांद्याचा, बोलायला सावकाश.

"जयभीम मॅडम. मी सांगतो खरं ते. बाजाराच्या दिवशी मजूर येत नाय, रान सुनं असतं. मंग मी पयल्या गाडीनं हितं येतो. डब्यातली एक पुडी, दुधात. जास्त नाय, कमी नाय."

"डब्याला आणखी कुणी हात लावतं?"

"कुणी लावायचा नाय, असं मी मायला बजावून ठेवलंय. औषधात दहा हात नकोत."

"भाऊ, बहीण कधी येतात?"

"येत असतील. मला कुणी सांगत नाय, मी इचारत नाय."

संघपाल गवंडी आहे. देवगाव रंगारीला सासुरवाडीच्या आधारानं राहतो. तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि आल्या आल्या म्हणाला, "औषधाचं दादाला इचारा. सगळा कारभार त्याचा. आमाला कोण हात लावू देतं?"

"बरोबर आहे," अनसूया म्हणाली, आणि स्वतःच्या सांध्यांचं गाऱ्हाणं सुरू केलं. बोटांत जोर राहिला नाही, बाटल्यांची झाकणं उघडत नाहीत, औषधाच्या पुड्या फाडायच्या म्हणजे तर वैताग. माझी बायको अजून नारळ हातानं सोलते, पण मी तोंड मिटून बसलो.

"व्हय ना," संघपालला आत्या भेटल्यासारखं झालं. "ती पुडी कात्रीबिगर फाटतच नाय. मी तर दातानं..." तो थांबला. "म्हंजे असल्या पुड्या. कुठल्या बी."

अनसूया मान डोलवत राहिली. "कामाला सुट्टी कधी असते तुम्हाला?"

"बाजाराला. त्याच दिवशी हप्ता मिळतो, काम बंद."

करुणा खुलताबादला दिलेली. पेरूच्या बागांत मजुरीला जाते. ती बोलण्याआधी रडली, रडून झाल्यावर पदरानं तोंड पुसलं आणि मग सरळ बोलली. "मी दूध आणते, मॅडम. घरच्या शेळीचं. मायला साखरेचा आजार हाय, म्हणून बिनसाखरेचं. काम बंद असतं त्या दिवशी येते, ऊन व्हायच्या आत."

"आणि पुडी?"

"ती मोठ्या दादाच्या डब्यात असती. मी कशाला हात लावू?"

हे ती खरं बोलत होती. डब्यापुरतं तिघंही खरं बोलत होती, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

५

रुग्णनिवासात पारूबाईंच्या शेजारच्या खाटेवर चंपाबाई राहतात. नवऱ्याच्या उपचारासाठी कधीच्या मुक्कामाला आहेत, त्यामुळे तिथल्या पोलीस पाटील झाल्यात. अनसूयेनं त्यांच्याबरोबर शेंगा सोलायला घेतल्या.

"पारूबाईचं नशीब लई थोर," चंपाबाई म्हणाल्या. "लेकरं तीन, पर एक बी चुकत नाय. आज हा, परवा तो, मंग ती. माणूस बदलतं, दुधाचा पेला तोच."

"तुम्हाला देतात का कधी घोटभर?"

"एकदा दिला. करुणाच्या शेळीचा. गोड लई व्हतं. म्या म्हटलं, आमच्याकडं शेळ्या अशा साखर खाऊन दूध देत नायत."

अनसूयेच्या हातातली शेंग हातातच राहिली. तिनं मला बाहेर बोलावलं. व्हरांड्यात आल्यावर ती म्हणाली, "तुम्ही कन्नड तालुक्यात कालव्याच्या कामावर होतात ना? मग सांगा, पिशोर, देवगाव रंगारी आणि खुलताबाद, तिन्हीकडचा आठवडी बाजार एकाच दिवशी भरतो का?"

"भरेल कसा? व्यापारी काय अंगाचे तीन तुकडे करून तीन गावांत बसतील? आज या गावाला, उद्या त्या गावाला, असाच त्यांचा..."

मी बोलता बोलता थांबलो. तिनं माझ्याकडं पाहिलं. चाळीस वर्षांत माझ्या वाट्याला असा कौतुकाचा चेहरा क्वचितच आला असेल, म्हणून तो मी नीट बघून घेतला.

"संघपालला पुडी कात्रीशिवाय फाटत नाही हे ठाऊक आहे," ती म्हणाली. "आपल्या रुग्णालयाची पुडी चिमटीनं फाटते. म्हणजे त्यानं दुसरीच फाडलीय, त्याच्या गावच्या मेडिकलमधून आणलेली. करुणाचं दूध बिनसाखरेचं, तरी गोड. कारण पुडीतला भुगा गोड असतो. दोघांनीही दादाच्या डब्याला हात लावला नाही, म्हणून डबा बरोबर. आणि तिघांनीही मेघाचं सांगणं अक्षरशः पाळलं. बाजाराच्या दिवशी एक पुडी. ज्याचा त्याचा बाजार."

"पण दोघं चोरून का देतात?"

"दादा विसरेल म्हणून. दादावर भरवसा नाही म्हणून. आणि एकमेकांना विचारायचं नाही, अशी जणू शपथच घेतलीय म्हणून." तिनं हातातली शेंग सोलली. "तिघांतलं एकजण जरी आईवर कमी माया करणारं असतं, तरी ही बाई आजारी पडली नसती."

मी म्हटलं, चल, देवेशला सांगू, पोरीची नोकरी वाचली. तिनं मान हलवली.

"एक बाकी आहे. प्यायलं कुणी? पारूबाई लहान नाहीत. आठवड्यात तीनदा तीच पुडी समोर फाडलेली त्यांना दिसत नव्हती?"

६

सलाइननं कॅल्शियम उतरत होतं. पारूबाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि डोळे आता ठिकाणावर होते. अनसूया खाटेवर त्यांच्या पायाशी बसली आणि या वेळी मात्र तिनं आडवळण घेतलं नाही.

"पारूबाई, तिघंही तुम्हाला एकच औषध देत होते. तुम्हाला ठाऊक होतं."

पारूबाई सलाइनच्या नळीकडं बघत म्हणाल्या, "व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर एकच आला असता, बाई. दोघं कशाला येतील?" त्यांचा आवाज अगदी साधा होता. "लेकरू मायला भेटाया येतं, पर त्याला हाताला काम लागतं. नुसतं बसायची त्याला लाज वाटती. पुडी फाडायची, दूध हालवायचं, पेला धरायचा. तेवढ्यात दोन शब्द बोलून व्हतात. अन् उन्हाचंच तर औषध, सिस्टरनं सांगितलं व्हतं. सारा जलम उन्हात गेला. थोडं जास्ती झालं तर काय व्हतंय?"

"मराठवाड्यात जन्म काढून ऊन जास्त झालं तर काय होतं, असं विचारताय?"

पारूबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना धार लागली. अनसूयेचा हात त्यांनी घट्ट धरला. "त्यांना सांगू नका. आपल्या हातानं मायला इख पाजलं, असं लेकरांना वाटंल. मंग ती यायचीच नायत. माझे किती दिस राहिलेत कुणाला ठाव? तेवढे तरी येऊ द्या."

अनसूयेला मी प्रयोगशाळेत थोरामोठ्यांना तोंडावर खोटं पाडताना पाहिलंय. त्या दिवशी तिनं आधी पारूबाईंची चादर नीट केली.

"मी नाही सांगितलं, तर मेघाची नोकरी जाईल," ती शेवटी म्हणाली. "तिनंच तुम्हाला जास्त औषध दिलं, असं वाटतंय सगळ्यांना. उद्या समिती बसतेय."

पारूबाईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी हात सोडला.

"सिस्टरनं? ती पोरगी माझी वेणी घालून देती व्हती. केस गेले तेव्हापासून डोक्याला रुमाल बांधून देती." त्या भिंतीकडं तोंड करून पडल्या. आम्हाला वाटलं, संपलं बोलणं. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बोलवा तिघांना. एकाच टायमाला. तुम्ही नका बोलू, मी सांगते."

७

दुसऱ्या दिवशी समितीच्या आधी देवेशच्या खोलीत तीन मुलं तीन भिंतींना टेकून उभी होती. मेघाला अनसूयेनं हाताला धरून आणलं होतं. पारूबाईंना चाकाच्या खुर्चीत आणलं. त्यांनी कुणाकडं न बघता सगळं सांगितलं. देवगावच्या बाजाराला संघपाल, खुलताबादच्या बाजाराला करुणा, पिशोरच्या बाजाराला कडुबा. मला माहीत होतं आणि मी प्यायले, असं म्हणाल्या. का प्यायले, तेही म्हणाल्या. "सिस्टरची चूक नाय. चूक माझी हाय. मला तिघं बी पायजे व्हते."

कडुबा तसाच खाली बसला, रुंद खांदे गदगदत होते. संघपाल खिडकीतून बाहेर बघत होता, त्याला बाहेरचं काही दिसत नव्हतं. करुणा पुढं आली आणि आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.

"माय, पुडी नसती तरी म्या आले असते गं."

"मला कुणी सांगितलं व्हतं का?" पारूबाई म्हणाल्या.

अनसूयेनं घसा खाकरला आणि तिला जमतं तेवढं केलं, म्हणजे खरी माहिती दिली. हे व्हिटॅमिन शरीरातल्या चरबीत मुरून बसतं, उतरायला वेळ लागेल, पण उतरेल. मूत्रपिंड शाबूत आहेत. गाठी परतलेल्या नाहीत. उरलेले दोन्ही डोस देता येतील. आणि हे विष नव्हतं, तिन्हींपैकी कोणतीही एक पुडी औषधच होती.

"माझीच युक्ती नडली," मेघा म्हणाली.

"युक्ती चांगली आहे," देवेश म्हणाला. "गाव कुठलं आणि देणारं कोण, हे विचारायचं राहिलं. ते आपल्या सगळ्यांचं राहिलं." मग तो उठून उभा राहिला. माझा भाचा हुशार आहे, पण उठून उभं राहायला त्याला वेळ लागतो. "मेघा, मी तुझं ऐकून न घेता तुझ्यावर बोट ठेवलं. समितीला मी हेही सांगणार आहे."

मेघानं मान हलवली आणि वॉर्डात जायची वेळ झाली म्हणून निघून गेली. पारूबाईंना मात्र अभ्यासातून बाहेर काढावं लागलं. लिम्फोमात व्हिटॅमिन डीनं काय फरक पडतो, या प्रश्नाच्या उत्तरात त्यांचा आकडा धरता येणार नव्हता.

पाचव्या किमोच्या दिवशी अनसूया म्हणाली, सहज जाऊन येऊ. ती कुठंही सहज जात नाही, पण मी स्कूटर काढली. वॉर्डाच्या दारातच मेघानं आम्हाला थोपवलं. तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. तिनं आत बोट दाखवलं.

पारूबाईंच्या खाटेशेजारच्या एकाच बाकावर तिघं बसली होती. तिघांपैकी कुणाचाही तो सुट्टीचा दिवस नव्हता. तिघांनीही काम बुडवलं होतं. कुणाच्या हातात काही नव्हतं, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. किमोची बाटली थेंब थेंब उतरत होती. पारूबाई डोळे मिटून गाढ पडल्या होत्या. मग कडुबा समोर बघतच म्हणाला, "संघ्या, पोरीची शाळा सुरू झाली का?"

"पुढच्या म्हयन्यात," संघपाल म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "तुझी पाठ कशी हाय, दादा?"

करुणा दोघांच्या मध्ये होती. ती जराशी मागं सरकून बसली, म्हणजे त्यांना एकमेकांची तोंडं दिसावीत.

मी पुढं व्हायला लागलो तशी अनसूयेनं माझी बाही ओढली. पारूबाईंनी एक डोळा उघडला होता. त्यांनी आमच्याकडं पाहिलं, मोकळ्या हाताचं बोट हळूच ओठांवर ठेवलं, आणि पुन्हा झोपल्याचं सोंग घेतलं.